हेंड्रिकरावांचं फूल आणि आमचं निर्माल्य

"कोण? कोणी केलं हे?"

एवढा मोठा आवाज मी आयुष्यात दोनदाच ऐकलाय. एकदा कुस्तीच्या मैदानात, पंचांनी चुकीचा हात वर केला तेव्हा एका वस्तादांचा. आणि दुसऱ्यांदा मिल्टनमध्ये, जूनमधल्या एका बुधवारी सकाळी साडेसातला, आमच्या मुलीच्या घराला लागून राहणाऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या हेंड्रिकरावांचा. कॅनडात माणसं ओरडत नाहीत हो. गाडीला गाडी घासली तरी दोघं खाली उतरून एकमेकांना सॉरी म्हणतात, आणि मग गाड्यांनाही म्हणत असतील. त्यामुळे हा आवाज निघाल्याबरोबर मेपलवरचे पक्षी उडाले, ओळीतल्या तीन गॅरेजांचे दरवाजे आपोआप वर गेले, आणि ओंटारिओ सरोवरात लाट उठली असणार. मी बघायला गेले नाही, पण उठलीच असणार.

मी चहाचा कप हातात घेऊन तशीच धावले. हेंड्रिकराव घराच्या बाजूच्या वाफ्यात गुडघे टेकून बसले होते. समोर कमरेएवढं एक झुडूप, त्याला पत्र्याची पट्टी लटकवलेली, तिच्यावर सतरा हा आकडा. आणि एका फांदीच्या टोकाला जिथे काहीतरी असायला हवं होतं तिथे काही नव्हतं.

"नऊ वर्षं," ते म्हणाले. "नऊ वर्षं वाट पाहिली. पहिलं फूल. मी फक्त एक दिवस हॅमिल्टनला गेलो."

मी कोल्हापुरात तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. माझं इंग्रजी म्हणजे लेफ्ट टर्न, राइट टर्न, स्टँड ॲट ईज. समजतं सगळं, बोलताना मात्र कवायत होते. पण दुःखाला भाषा लागत नाही म्हणून मी जोरात म्हणाले, "स्क्विरल!"

"खार?" त्यांनी देठ दाखवला. "एवढं सरळ खुडते?"

"कॅनडाची खार," मी म्हणाले, "एज्युकेटेड."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी आकाशाकडे बघितलं. आकाश स्वच्छ होतं. माझं मन तितकंसं नव्हतं, कारण ते फूल मंगळवारी पहाटे मीच तोडलं होतं.

थोडं मागे, मिल्टन

आता कॅनडाला जाऊन आलेलं माणूस म्हटलं की लोक पहिल्यांदा नायगारा विचारतात. मी पाहिला. पाणी पडतं. पुढे.

आम्ही दोघं मे महिन्याच्या मध्यावर लेकीकडे, मुक्ताकडे, उतरलो. जावई कामासाठी हॅलिफॅक्सला होते, त्यामुळे ते या गोष्टीत नाहीत आणि त्याबद्दल ते अजूनही देवाचे आभार मानतात. मुक्ता सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरूनच काम करते, दिवसभर लॅपटॉपसमोर बसून हवेशी भांडते. मिल्टन म्हणजे टोरांटोच्या पश्चिमेला झपाट्याने वाढलेलं गाव. नव्या सबडिव्हिजनमधली, म्हणजे वसाहतीतली, घरं इतकी एकसारखी की तिसऱ्या दिवशी आमचे हे फिरून येताना शेजारच्याच घरात शिरले, सोफ्यावर बसले आणि चहा मागितला. त्या घरातल्या पंजाबी बाईंनी दिलाही. यांना फरक कळला तो चहात आलं जास्त पडलं म्हणून.

गावाच्या कडेला लांबच लांब कडा उभा आहे. मुक्ता कौतुकाने म्हणाली, "आई, एस्कार्पमेंट!" पन्हाळ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला असं काही दाखवताना थोडा विचार करावा. मी म्हटलं, "छान आहे. बाळ आहे अजून."

या सगळ्या नव्या घरांच्या मधोमध एकच जुनं विटांचं घर, आजूबाजूची शेतं विकली गेली तरी हलायला तयार नसलेलं. ते हेंड्रिकरावांचं. आईबापांबरोबर लहानपणी हॉलंडहून आलेले, उंच, काटक, कमी बोलणारे. आणि घराभोवती झुडपांच्या रांगाच रांगा, प्रत्येकाला पत्र्याची पट्टी आणि आकडा.

आता कोल्हापूरचा कायदा सांगते, म्हणजे मी गुन्हेगार कशी झाले ते कळेल. पहाटे फिरायला जायचं, हातात पिशवी, आणि कंपाउंडच्या बाहेर डोकावणारं फूल देवासाठी घ्यायचं. आत हात घालायचा नाही. बाहेर आलेलं फूल मात्र देवाचं. हा कायदा आमच्या गल्लीत इतका पक्का आहे की निवृत्त न्यायाधीशसुद्धा पिशवी घेऊन निघतात. आता मिल्टनमध्ये पाहिलं तर कोणाच्याही घराला पुढे कंपाउंडच नाही! हिरवळ थेट फुटपाथपर्यंत. मग मी कायद्याचा अर्थ लावला. कंपाउंड नाही, म्हणजे आत असं काही नाही. म्हणजे सगळंच बाहेर. म्हणजे सगळंच देवाचं.

तीन आठवडे आमच्या गणपतीने असं ऐश्वर्य भोगलं की तो परत कोल्हापूरला यायला नाही म्हणाला असता.

आणि मंगळवारी पहाटे मला ते दिसलं. फुटपाथवरून, वीस पावलांवरून. अर्धवट उमललेलं, तळहाताएवढं, तांबडं. तांबडं म्हणजे मी तुम्हाला सांगते, कोल्हापूरच्या बाईला तांबडं शिकवायचं नसतं. आमच्याकडे ताज्या मिरचीचं वेगळं, कांदा-लसूण चटणीचं वेगळं, रश्श्यावरच्या तवंगाचं वेगळं. हे त्या सगळ्यांच्या पलीकडचं होतं. वर्षभर मुरलेल्या चटणीच्या बरणीच्या तळाशी जो रंग राहतो, काळ्याच्या एक पाऊल अलीकडचा, त्याला कोणी रेशमी कापड करून त्याचं फूल शिवावं तसं. मधोमध पिवळा पुंजका. मंगळवार, गणपती, लाल फूल. जवळ गेले आणि नखाने अलगद खुडलं. हात जोडले. झाडाला थँक्यू म्हटलं. मॅनर्स मला आहेत.

मिल्टन, बुधवार, दुपारपर्यंत

खारीची थिअरी मांडून मी घरी आले आणि पोह्यांना फोडणी दिली. वाटलं मिटलं. पण आमच्या यांना एक सवय आहे. रोज पूजा झाली की फोटो काढायचा आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर त्रेचाळीस नातेवाईक. मुक्ता मीटिंगमध्ये म्यूटवर बसून आदल्या दिवशीचा ग्रुप चाळत होती. सांगलीच्या नणंदेने लिहिलं होतं, "वहिनी, एवढी मोठी जास्वंद कुठली गं?"

"आई," मुक्ता म्हणाली. आवाज खाली, म्हणजे प्रकरण वर. "हे फूल कुठून आणलंस?"

"देवाने दिलं."

"आई, तू सिरियसली हेंड्रिकच्या यार्डमधून पिक केलंस? तो माणूस सकाळपासून ब्लॉकभर विचारत फिरतोय! मला पण विचारलं त्याने. मी म्हटलं, मे बी रॅकून."

"बघ. तूही माझीच लेक."

"इट्स नॉट फनी! तुला माहितेय ते काय आहे? ट्री पिओनी म्हणतात, झुडपावर येणारं मोठं फूल, त्याचा हायब्रिड आहे तो. तो आयुष्यभर तेच करतोय. जा आणि सांग."

यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "सांगून ये," म्हणाले. आमचे हे पाणीपुरवठा विभागाच्या अभिलेख कक्षात छत्तीस वर्षं होते. दिवसाला सरासरी दोन वाक्यं बोलतात. त्यातलं एक असं वाया घालवलं म्हणजे मला उठणं भाग होतं.

वर्गाची काच कोणी फोडली ते विचारायला मी आयुष्यभर पोरं रांगेत उभी केली. त्या दिवशी रांगेत मी, माझ्यामागे मुक्ता दुभाषी म्हणून, तिच्यामागे हे, का ते माहीत नाही. हेंड्रिकरावांनी दार उघडलं. मी टाचा जुळवून उभी राहिले.

"स्क्विरल नो," मी म्हणाले. "मी."

पुढचं मुक्ताने सांगितलं. मंगळवार, गणपती, कंपाउंड. कंपाउंडच्या मुद्द्यावर मी तिला दोनदा थांबवून नीट समजावून सांगायला लावलं. हेंड्रिकराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मला पहिल्यांदा कळलं मी काय तोडलंय.

या गडद तांबड्या जाती म्हणजे दोन वेगळ्या कुळांचा संकर. एक बागेतलं जुनं खानदानी झाड, दुसरं चीनच्या डोंगरातलं रानटी. रानटीकडून तो काळसर तांबडा रंग येतो. पण संकराची संतती बहुतेक वांझ निघते, खेचरासारखी. शेकडो फुलांवर पराग लावा, बी धरत नाही. धरलं तर ते बी जमिनीत दोन हिवाळे काढतं तेव्हा कुठे पान दाखवतं. मग पहिल्या फुलाला आणखी सहा-सात वर्षं. आणि एवढं करून फूल आलं की बहुतेक वेळा ते मान खाली घालून पानांत लपतं, कारण रानटी आजोबांची सवय. हेंड्रिकरावांना हवं होतं ते गडद तांबडं, निळसर झाक नसलेलं, आणि मान वर करून उभं राहणारं.

"हॅमिल्टनला माझ्या बहिणीकडे, मार्थाकडे, एक झाड आहे," ते म्हणाले. "मीच लावलेलं. माझ्या ओळखीच्या गडद झाडांत तेवढं एकच कधीमधी बी धरतं. सतराचा पराग मला त्याच्यावर लावायचा होता. काल तिथलं फूल तयार करून आलो. पाकळ्या काढल्या, पुंकेसर काढले, पिशवी बांधली. उद्यापर्यंत ते चालेल. परवा नाही."

"पुढच्या वर्षी?" मुक्ताने विचारलं.

"मार्था घर विकतेय. सप्टेंबरमध्ये कंडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, जाणार. नवीन मालकांना तिथे पार्किंग करायचंय. एवढं जुनं झाड उपटलं तर जगत नाही." मग त्यांनी विचारलं, "फूल कुठंय?"

तेव्हा मागून यांनी दिवसातलं दुसरं वाक्य वापरलं.

"तळघरात आहे."

मिल्टन, तळघर

इथे निर्माल्याची भानगड सांगायला हवी. आमच्याकडे देवाला वाहिलेलं फूल कचऱ्यात जात नाही. नदीकाठी कुंड असतं, नाहीतर झाडाच्या बुंध्याशी ठेवायचं. मिल्टनमध्ये ओल्या कचऱ्याचा ग्रीन बिन. मुक्ता पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाबा, ऑरगॅनिक आहे, त्यातच टाका." यांनी झाकण उघडून पाहिलं. आत कोंबडीची हाडं. झाकण लावलं. त्यानंतर तीन आठवडे यांनी निर्माल्याचं काय केलं ते मी विचारलं नव्हतं. संसारात काही गोष्टी विचारायच्या नसतात.

आम्ही चौघं बेसमेंटचा जिना उतरलो. थंड, कोरडं, अंधारं. फर्नेसच्या, म्हणजे घर तापवायच्या भट्टीच्या, मागे फळी. फळीवर वर्तमानपत्राच्या घड्या, एकीशेजारी एक, प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख आणि वार. आतमध्ये त्या-त्या दिवशीची फुलं, नीट पसरून वाळत घातलेली. तीन आठवड्यांचं निर्माल्य, वर्गवारीसह. जाताना कोल्हापूरला न्यायचा बेत होता म्हणे. कस्टमवाल्यांना काय सांगणार होते ते त्यांचं त्यांना ठाऊक.

हेंड्रिकरावांनी ती फळी पाहिली, मग यांच्याकडे पाहिलं. हरवलेला भाऊ सापडावा तसं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि चाळीस वर्षांच्या संसारात यांच्या तारखा लिहायच्या सवयीकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. मी तर नाहीच.

पण संकट असं की ते पहिल्या घडीपासून बघायला लागले.

"ही ट्यूलिप समोरच्या सूझनची," पहिली घडी. "हं. हा लायलॅक कोपऱ्यावरच्या मास्तरांचा." चौथी घडी. "आणि ही..." दहावी घडी उघडून ते थांबले. "ही तर माझीच. आयरिस."

मी फर्नेसकडे बघत होते. आमच्या यांनी माझ्या गुन्ह्यांची तारीखवार फाइल तयार करून ठेवली होती. पोलिसांना आयती.

शेवटी मंगळवारची घडी. फूल गणपतीच्या डोक्यावर पूर्ण उमललं होतं आणि मग इथे सुकलं होतं. पाकळ्या काळ्याभोर, पापुद्र्यासारख्या. हेंड्रिकरावांनी खिशातून भिंग काढलं. पुंकेसर फुटले होते. कागदावर पिवळी भुकटी.

"परफेक्ट," ते पुटपुटले. "मी असंच करतो. कागद, थंडावा, अंधार." मग भुकटी बोटाने घासली आणि कपाळाला आठी पडली. "पण एवढा पराग एका फुलात नसतो."

"ती," मी म्हणाले, "हळद आहे."

पूजेत हळद वाहतात हे मुक्ताने इंग्रजीत समजावलं, आणि पुढचा अर्धा तास हेंड्रिकराव आणि आमचे हे दोघं एकाच दिव्याखाली, एकाच भिंगातून, हळद कुठली आणि पराग कुठला ते निवडत बसले. शेवटी बाहेरच्या पाकळ्यांवरचं सगळं सोडून, न सांडलेल्या पुंकेसरांतलं तेवढं झटकून त्यांनी एका छोट्या डबीत घेतलं. चिमूटभराच्याही चिमूटभर.

"हे फक्त सतराचं आहे?" मुक्ताने विचारलं.

"नव्वद टक्के," हेंड्रिकराव म्हणाले.

उरलेले दहा टक्के आमच्या सांगलीच्या हळदीचे. मी आजही तसंच सांगते.

हॅमिल्टन, गुरुवार

सकाळी मुक्ताने सुट्टी टाकली आणि आम्ही निघालो. डबी हेंड्रिकरावांच्या हातात, हात मांडीवर. हवा लागू नये म्हणून काचा बंद, एसी बंद. वाटेत यांना शिंक येते की काय असं झालं, तेव्हा अख्ख्या गाडीने श्वास धरला, आणि मी सांगते, बाजूच्या लेनमधल्या ट्रकवाल्यानेही धरला.

हॅमिल्टन पोलादाचं गाव. सरोवराकाठी कारखान्यांच्या चिमण्या, आणि गावाच्या डोक्यावर तोच मिल्टनचा कडा फिरून आलेला. इथले लोक त्याला माउंटन म्हणतात. गाडी दोन मिनिटांत वर चढते आणि लोक म्हणतात आम्ही माउंटनवर राहतो. आमच्या गल्लीत याला चढ म्हणतात आणि त्यावरून दूधवाला सायकल नेतो. पण वरून सरोवर दिसतं तेव्हा मी टिंगल आवरली. पलीकडचा काठच नाही. पंचगंगेला पूर आलाय आणि तो ओसरायचंच विसरलाय असं वाटतं.

मार्था दारातच उभी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स, भावाच्या वाटणीचंही बोलणारी. मला बघून हात पसरले. "तूच ना ती चोर? ये, ये! याच्या बागेत साठ वर्षांत कोणी चोरायला आलं नव्हतं, बिचाऱ्याला वाईट वाटायचं."

मागच्या यार्डात ते झाड. माझ्या खांद्याएवढं, आणि फुलं इतकी की मोजली असती तर व्हिसा संपला असता. पण बाहेरून एकही दिसेना. पानं बाजूला केली तेव्हा एकेक सापडलं, गडद तांबडं, मान खाली, शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखं. मला राहवलं नाही. तीस वर्षांची सवय. मी छाती भरून ओरडले, "साऽऽवधान!"

एकानेही मान वर केली नाही. आमच्या यांनी मात्र टाचा जुळवल्या.

हेंड्रिकरावांनी एका फांदीवरची कागदी पिशवी सोडली. आत फूल म्हणावं असं काही नव्हतं, पाकळ्या नाहीत, केसर नाहीत, मधे नुसते पाच हिरवट कोंब, टोकाला ओलसर. लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलीसमोरून अंतरपाट काढावा तशी ती पिशवी बाजूला झाली. मी पिशवीतून आणलेल्या अक्षता काढल्या.

"तांदूळ नको," हेंड्रिकराव मागे न बघता म्हणाले. "उंदीर येतात."

कापसाच्या काडीने त्यांनी ती भुकटी एकेका टोकाला लावली. सगळं मिळून एका मिनिटाचं काम. पिशवी परत बांधली, तारीख लिहायची होती तर यांनी खिशातून पेन्सिल पुढे केली.

मग हेंड्रिकराव माझ्याकडे वळले.

"मी ते फूल उमललेलं पाहिलं नाही," ते म्हणाले. "सोमवारी संध्याकाळी हॅमिल्टनला निघालो तेव्हा कळी होती. तुम्ही पाहिलंत. कसं होतं ते?"

मुक्ताने यांचा फोन काढून गणपतीचा फोटो दाखवला. त्यांनी भिंग लावून पाहिला. "रंग छान आहे. निळं नाही." मग मान हलवली. "पण यात त्याला देवाने धरलंय. झाडावर कसं होतं? मान कुठे होती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं मी काय सांगायला हवं. सांगायचं, हेंड्रिकराव, सरळ उभं होतं, ध्वजासारखं, सलामी देत होतं, त्याच्या तेजाने कोंबड्याने बांग दिली. असं सांगायला मला दमडीचा त्रास पडत नाही. तोंड उघडलंही. तेवढ्यात यांनी नुसती माझ्या दंडाला दोन बोटं लावली. चाळीस वर्षांत तीनदाच लावलीत.

म्हटलं, आठव. पहाट. फुटपाथ. पिशवी. मी नेमकं काय पाहिलं?

"मुक्ता, नीट सांग हेंड्रिकरावांना," मी म्हणाले. "फूल दिसलं तेव्हा मी त्यांच्या वाफ्यात शिरले नव्हते. फुटपाथवर होते. वीस पावलांवर. तिथून मला दिसलं. मी पान बाजूला केलं नाही. तोडताना वाकलेही नाही, माझे गुडघे वाकत नाहीत. पानांच्या वर होतं, आणि तोंड माझ्याकडे होतं. आणखी काही मला माहीत नाही."

मुक्ताने सांगितलं. हेंड्रिकराव त्या झाडाकडे बघत राहिले, त्या मान खाली घातलेल्या फुलांच्या गर्दीकडे. मार्था आधी हसायला लागली.

"हेन्क," ती भावाला म्हणाली, "माझ्या घरावरून रोज शंभर माणसं जातात. या झाडाचं एक फूल आजवर कोणी तोडलं नाही. कोणाला दिसतच नाही! तुझं सतरा नंबर दिसलं म्हणून चोरीला गेलं."

तेव्हा ते हसले. आवाज न करता, खांदे हलवत, आणि डोळ्यांतून पाणी. मी ताबडतोब माझ्या योगदानाबद्दल बोलायला लागणार होते, पण दोन बोटं अजून दंडावर होती.

मिल्टन, त्यानंतरचे दिवस

आमच्याकडे माफी भांड्यातून जाते. रविवारी मी तांबडा रस्सा केला, मसाला कोल्हापूरहून आणलेला, मुक्ता "आई, कमी तिखट, प्लीज, ही इज एटी-फोर" म्हणत मागे उभी. कमी केला. म्हणजे कोल्हापूरच्या मानाने लहान मुलांचा. हेंड्रिकरावांनी पहिला चमचा घेतला आणि त्यांचे कान सतरा नंबरच्या रंगाचे झाले. दुसरा घेतला. तिसऱ्याला घाम. मग वाटी उचलून खिडकीशी नेली, उन्हात तिरकी धरली, आणि वरच्या तवंगाकडे इतका वेळ बघत राहिले की रस्सा निवला. "थोडं आणखी गडद," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि असं." नंतर तीन वाट्या संपवल्या. रात्री मार्थाचा फोन आला, तुम्ही माझ्या भावाला काय दिलंत, तो मला मिरचीचं रोप मिळेल का विचारतोय.

बाकी उन्हाळा मी कॅनडा पाहिला. टोरांटोचा उंच मनोरा, बेटं, डबल-डबल कॉफी, जिच्यात दुप्पट साखर घातल्यावर ती चहाच्या जवळपास येते. पहाटेच्या फिरण्याला पिशवी नेत नव्हते. मुक्ताने दुकानातून कुंडीतलं जरबेरा आणलं, गणपतीने मुकाट्याने मानून घेतलं. आमचे हे मात्र रोज सकाळी हेंड्रिकरावांकडे जायचे. दोघं पट्ट्यांवरचे पुसट झालेले आकडे पुन्हा लिहायचे. दोन तास. मी एकदा चोरून ऐकलं, कोणी काही बोलत नव्हतं. दोघंही घरी येऊन म्हणायचे, छान गप्पा झाल्या.

हॅमिल्टन आणि मिल्टन, सप्टेंबर

मार्थाच्या घरात खोकी भरलेली, भिंतींवर चित्रांच्या जागी चौकोन. यार्डात झाडाची पानं तांबूस पडायला लागलेली. बाकी सगळ्या फांद्यांवर सुकलेली पोकळ बोंडं, हातात घेतली की चुरा. पिशवी बांधलेल्या फांदीवर चांदणीसारखं एक बोंड, पाच पाकळ्यांचं. चार चपट्या. पाचवी फुगलेली, आणि उकललेली.

आत दोन बिया. काळ्या, चकचकीत, रिठ्याच्या बीएवढ्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मार्था खोक्यावर बसली. हेंड्रिकरावांनी पेलाभर पाणी मागवलं आणि दोन्ही त्यात सोडल्या. जी पोकळ ती तरंगते.

एक तरंगली.

दुसरी जरा थांबली. माझी शपथ, ती थांबली आणि तिने आमच्याकडे एकदा पाहिलं. मग हळूच तळाशी गेली.

परतून मिल्टनला आलो तसे हेंड्रिकराव थेट सतरा नंबरच्या शेजारी गुडघे टेकून बसले. बोटाने भोक केलं, बी ठेवली, माती ओढली. यांनी पत्र्याची पट्टी धरली होती, तारीख घातलेली, नाव मोकळं. चार दिवसांनी आमचं विमान होतं आणि मला कधी नव्हे ते काय बोलावं सुचेना, म्हणून मी जास्तच बोलले. म्हणाले, वसंतात उगवलं की फोटो पाठवा. ते म्हणाले, येत्या नाही, पुढच्या. मी म्हणाले, मग फूल? ते म्हणाले, आठ वर्षं. मी बोटांवर मोजायला लागले, मुक्ताने डोळे वटारले तरी मोजलं, आणि मोठ्याने सांगितलंही, माझा आवाजच तसा आहे.

"आठ वर्षांनी मी चौऱ्याहत्तर. तुम्ही ब्याण्णव, हेंड्रिकराव!"

त्यांनी तळहाताने माती दाबली.

"झाड आठ," ते म्हणाले.